इनामदार सरांचं बघणं

जानेवारीतल्या एका सकाळी सात वाजता इनामदार सरांनी आम्हा सहा जणांना आमच्याच गोठ्यामागच्या उकिरड्याभोवती उभं केलं होतं. विषय होता इंग्रजी. थंडीनं दात वाजत होते, उकिरड्यातून वाफ निघत होती आणि सर हात मागं बांधून, एखादा देखावा बघावा तसे त्या वाफेकडं बघत होते.

आई दारातून म्हणाली, "मास्तर, चहा तरी घ्या. तिथं काय हाय बघन्यासारखं?"

"ताई, तुमचा उकिरडा आज इंग्रजी बोलतोय," सर म्हणाले. मग आमच्याकडं वळले. "शेण कुजतंय, आत ऊब तयार होतेय आणि ती बाहेर सोडली जातेय. गिव्ह ऑफ. आता लिहा. पुढं जागा, महिना आणि वेळ."

सर राहात्याच्या एका हायस्कुलात विज्ञान आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवून निवृत्त झाले होते. आमच्यासारख्या नुसती डिग्री हातात असलेल्या पोरापोरींना ते घराच्या ओट्यावर फुकट शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. मी बीएस्सी झाले, केमिस्ट्रीत, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. पण कंपनीत जायचं म्हणजे मशीनची पुस्तकं इंग्रजीत, आणि त्यात ते जोडशब्द. ब्रेक, रन, कट हे एकेकटे भेटले की ओळखीचे. त्यांच्यामागं अप, डाउन, ऑफ, आउट येऊन उभं राहिलं की अगदी परके.

सरांचा नियम एकच होता. जो शब्द घडताना बघितला नाही, तो वहीत लिहायचा नाही. "ज्याच्याशेजारी उभे राहिलात तोच शब्द तुमचा," असं ते दर दोन दिवसांनी म्हणायचे. अर्थ लिहायला त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. शब्द, जागा, महिना, वेळ. बस्स.

त्यामुळं आमचा वर्ग ओट्यावर कमी आणि गावभर जास्त भरायचा. मोटर वाइंडिंगच्या दुकानात सरांनी जळालेली कॉइल आमच्या नाकाखालून फिरवली. "हुंगा. बर्न आउटचा वास असा असतो." दुकानदार म्हणाला, "सर, गावात गुलाब मिळत न्हाईत व्हय? पोरींना काय हुंगायला लावताय!" मे महिन्यात आटलेल्या बंधाऱ्यात आम्हाला उतरवून गाळात काठी खुपसायला लावली, तेव्हा 'सिल्ट अप' माझ्या वहीत आला. विहिरीच्या पूर्वेकडच्या भिंतीतून पाणी पाझरताना दिसलं, तेव्हा 'सीप थ्रू'. वारा पडण्याची वाट बघत आम्ही एकदा माळावर दीड तास बसलो होतो. शेवटी वारा पडला, सरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि लग्नाचा मुहूर्त साधावा तसं ओरडले, "डाय डाउन! पाच चाळीस!"

एकदाच मी त्यांना लिहिताना अडलेलं बघितलं होतं. 'डाय आउट' या शब्दापुढं त्यांनी फक्त 'गिधाडं' लिहिलं होतं. मी विचारलं, "सर, वेळ कुठंय?" तर म्हणाले, "लहानपणी मेलेल्या बैलावर वीसवीस बसायची गं. कोणत्या दिवशी संपली ते कुणी बघितलंच नाही. काय लिहू?"

मग आमच्यातला एक जण नगरला सावेडीतल्या क्लासला जायला लागला. तिथं पाचशे शब्दांची छापील यादी मिळायची, अर्थासकट. त्यानं ती दाखवायला आणली. सरांनी पानं उलटली. "छान छापलंय," म्हणाले. "पाचशे! मला जन्मभरात एकशे चाळीसच भेटलेत." ते हसले, पण यादी परत देताना दोनदा चाळून बघितली.

त्याच सुमारास नगरच्या एमआयडीसीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एका प्लँटच्या लॅबमध्ये जागा निघाली. जागा एकच होती. "पोरीला शिकवून काय दिवे लावले?" असं भावकी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, तोंडावर विचारायची. आबा ऐकून गोठ्याकडं वळायचे. पण परीक्षेला निघाले त्या दिवशी ते मला एसटीत बसवायला इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मला जे कळायचं ते कळलं.

पेपर सोपा वाटला. केमिस्ट्रीचे प्रश्न भराभर संपले. शेवटी वीस इंग्रजी जोडशब्द होते आणि प्रत्येकापुढं मोकळी ओळ. त्यातले एकोणीस माझे होते! मी आनंदात लिहीत सुटले. फक्त 'स्किम ऑफ' कोरा सोडला.

बाहेर बसची वाट बघताना शेजारच्या मुलीनं विचारलं, "सीप थ्रूचा अर्थ काय लिहिलास गं?"

"आमच्या विहिरीची पूर्वेकडची भिंत, सप्टेंबर, सकाळी नऊ."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पेपरात अर्थ विचारला होता. मी सवयीनं एकोणीस ओळींत जागा, महिना आणि वेळ लिहून आले होते. पहिलाच होता, "गिव्ह ऑफ: आमच्या गोठ्यामागचा उकिरडा, जानेवारी, सकाळी सात."

राहात्याला उतरले ती तडक सरांकडं गेले. वाटलं होतं, सर पोट धरून हसतील. ते हसले नाहीत. ओट्याच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "मनीषा, माझ्या नादापायी तुझं नुकसान झालं. आबांना सांगायला मी येऊ का?"

"नको सर. माझं मी सांगते."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर सरांच्या हातात ती सावेडीची यादी, झेरॉक्स केलेली. सर एक शब्द वाचायचे, अर्थ सांगायचे आणि आम्ही मागून म्हणायचं. चाचीनं, म्हणजे सरांच्या बायकोनं, आतून डोकावून बघितलं. "आज लईच शाळा भरलीय," ती म्हणाली. कुणीच हसलं नाही. पुढचे चार दिवस आम्ही ओटा सोडला नाही, आणि सरांनी घड्याळात एकदाही बघितलं नाही.

पाचव्या दिवशी मला प्लँटमधून फोन आला, भेटायला या. गेले. पिकल्या मिशांच्या मोठ्या साहेबांपुढं माझा पेपर होता.

"ही काय भानगड आहे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. "सिल्ट अप. बंधारा, मे. गाळ किती होता?"

"काठी सगळी आत गेली सर. वर हात कोपरापर्यंत."

"का साचला?"

वरच्या अंगाची झाडं तुटली, पावसात माती वाहून येते, पाणी थांबतं तिथं ती खाली बसते, हे मी सांगितलं. मग सीप थ्रू, मग बर्न आउट. अर्धा तास ते विचारत होते आणि मी सांगत होते. पाठ केलेलं काहीच नव्हतं, त्यामुळं विसरायलाही काही नव्हतं.

"आणि हा एक कोरा का?"

"स्किम ऑफ बघितलेलं नाही सर."

ते उठले, मला बाहेर एका गोल टाकीपाशी घेऊन गेले. पाण्यावर तेलकट, काळपट थर तरंगत होता आणि एक लांब दांडा सावकाश फिरत तो थर अलगद कडेला ओढून नेत होता. "हे बघा. घरी दुधावरची साय काढता ना, तेच."

"आमच्याकडं सगळं दूध डेअरीला जातं सर. घरात चहापुरतंच राहतं."

साहेब म्हणाले, "सोमवारपासून या."

आधी आबांना फोन केला. ते "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवायचं विसरून कुणाला तरी मोठ्यानं सांगायला लागले. सरांच्या ओट्यावर पोचले तेव्हा पाठांतर चालूच होतं. नोकरी लागल्याचं सांगितल्यावर पोरांनी एकच गिल्ला केला. सरांनी यादी खाली ठेवली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला.

"त्या पेपरावर लागली?"

"त्याच पेपरावर, सर."

मग त्यांनी विचारलं, "ते स्किम ऑफ कसं दिसतं गं? मीही अजून लिहिलेलं नाही."

मी टाकी सांगितली, दांडा सांगितला. "साहेब म्हणाले, दुधावरची साय काढतात ना, तसंच."

आतून चाचीच्या हसण्याचा आवाज आला. पदरानं डोळे पुसतच ती दारात आली. "अहो, चाळीस वर्षं रोज सकाळी साय काढतेय मी! तुम्ही साऱ्या तालुक्यातले नाले आणि उकिरडे बघून आलात!"

सर उठले, वही घेतली आणि आत गेले. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात दाटीनं उभे राहिलो. चाचीनं पातेल्यावरची झाकणी काढली. "जरा लांबून बघा, नाहीतर चष्मा पडेल दुधात." तिनं उलथन्याचं टोक कडेनं फिरवलं, आणि पिवळसर, जाड साय एका वळणात वर आली.

सरांनी लिहिलं, स्किम ऑफ. जागा, आमचं स्वयंपाकघर. मग मनगट वर करून ते घड्याळ बघायला लागले.

"वेळ कसली बघताय?" चाची म्हणाली. "रोजचंच आहे हे."

सरांनी हात खाली घेतला, आणि महिना आणि वेळ या दोन्ही रकान्यांत मिळून एकच शब्द लिहिला, 'रोज'.