उशी एक, चादरी चार

डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, "आप्पा, झोपताना किती उशा लागतात?"

"एकच," आप्पा म्हणाले.

खोटं नव्हतं. उशी एकच होती. तिच्याखाली चादरींच्या चार घड्या होत्या. आप्पा आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात राबले. आमच्या घरात काहीही उंच करायचं तर चादरच घ्यायची. त्यांचं हृदय कमजोर झाल्यापासून आडवं पडलं की दम लागायचा, आणि आई एकेक घडी वाढवत गेली. मला हे माहीत होतं. मी शेजारीच बसलो होतो. पण मला मोहोळची एसटी गाठायची होती, शाळेत तास होता. मी गप्प राहिलो.

खरं तर मी चिडलेलो होतो. रात्रभर उठून बसायचं आणि दिवसा गॅलरीतल्या खुर्चीत पेंगायचं, हा मला त्यांचा हट्ट वाटायचा. "दिवसा झोपता म्हणून रात्री झोप लागत नाही," म्हणत मी ती खुर्चीच माळ्यावर टाकली. चादरींवरूनही बोललो. "असल्या डोंगरावर कोण झोपतं?"

"आडवं झालं की बुडाल्यावानी हुतंय रं."

"मनाचे खेळ आहेत," मी म्हणालो. मास्तर ना मी, सगळं कळतं!

पंधरा दिवसांत पाय सुजले, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं मी चादरींचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी तेच तर विचारत होतो. फुप्फुसात पाणी साठायला लागलं की असंच उंच लागतं."

आता आप्पा घरी आहेत. रोज सकाळी मी विचारतो, "किती?"

"दोनच की."

उशीखाली चादरीच्या दोनच घड्या दिसतात, आणि मी निवांत एसटी पकडतो.

परवा टॉवेल काढायला त्यांचं कपाट उघडलं. समोरच तीन चादरी, घाईघाईनं कोंबलेल्या. हात लावला तर अजून उबदार.

"आप्पा, हे काय?"

"तू वरडतुस न्हवं," ते भिंतीकडं बघत म्हणाले.

पुन्हा ओरडणारच होतो. तोंडही उघडलं होतं. मग शाळेत फोन करून रजा सांगितली आणि डॉक्टरांचा नंबर लावला.

"उशी एक," मी म्हणालो, "चादरी पाच."