कडूलिंबावरची रेंज

आमच्या गावात किस्से शोधावे लागत नाहीत. कडूलिंबाखाली उभं राहिलं की ते अंगावर पडतात! जळगाव जामोद सोडून सातपुड्याच्या पायथ्याला आलं की मोबाईलची रेंज संपायची, आणि गावात ती एकाच जागी मिळायची. कडूलिंबाच्या शेंड्याला.

माझ्या मोठ्या भावाने, दादाने, त्यावर युक्ती काढली. बियाण्यासोबत फुकट मिळालेल्या पिशवीत फोन टाकायचा आणि दोरीने झेंड्यासारखा वर चढवायचा. मेसेज आले-गेले की फोन खाली. सकाळी रांग लागायची. दादा ओरडायचा, "लायनीत या बे! पिशवी सगळ्याईची आहे!"

*

बोलायचं असेल तर मात्र माणसालाच वर जावं लागे. सलीम माझा दोस्त, आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच त्याचं शेत. त्याची सोयरीक जुळवताना धाड गावच्या पाहुण्यांनी व्हिडिओ कॉल ठरवला. सलीम नवा शर्ट घालून फांदीवर!

मुलीची खाला, म्हणजे मावशी, ओरडली, "लडका झाड पे काऊन बैठा?"

"खालाजान, रेंज यहींच है!"

खाला फोन ठेवणार, तेवढ्यात मुलीनेच तो ओढून घेतला. "मेरे से बात करने झाड पे चढा, तो शादी के बाद मेरी सुनेगा भी!"

लग्न पक्कं!

*

बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. अळीला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून दादा विषारी औषध फवारत होता.

त्या दुपारी तो कपाशीतच पडला. मी त्याला धुऱ्यावर आणलं, फोन घेऊन गावात पळालो, झाडावर चढलो. अ‍ॅम्बुलन्सवाल्या बाईंनी विचारलं, "पेशंट शुद्धीवर आहे का?"

मी झाडावर, दादा शेतात. मला काय माहीत!

गाडी आली. तोवर दादा गेला होता.

हा किस्सा नाही. पण तो सोडून पुढचे सांगता येत नाहीत.

*

तेरवी झाली आणि मी ग्रामसभेत उभा राहिलो. चौथीतून शाळा सोडलेला मी, भाषण काय करणार? ओरडलोच, "रस्ता हक्क, पाणी हक्क, मंग रेंज काऊन नाही? टॉवर पाह्यजे!"

तालुक्याहून आलेले साहेब हसले. "अरे, इंटरनेट म्हणजे चैन. हक्क वेगळा."

सभा संपली. साहेबांना सभेचा फोटो गावातूनच ऑनलाइन टाकायचा होता. मुकाट कडूलिंबाखाली आले. मी त्यांचा फोन पिशवीत घातला, दोरी ओढली आणि अर्ध्यावर थांबलो.

"साहेब, चैन का हक्क?"

"चेष्टा नको, वर घे!"

"चैन असंन तं खाली घेतो."

सगळं गाव पाहत होतं. साहेबांनी घाम पुसला.

"हक्क रे बाबा, हक्क! घे वर!"

सलीमने हे सगळं व्हिडिओत घेतलं होतं. पिशवीत पुढचा फोन त्याचा!

*

व्हिडिओ तालुकाभर फिरला आणि टॉवर उभा राहिला. घराघरात रेंज! आणि सगळं गाव फोन घेऊन कुठे? कडूलिंबाखाली! एक काका तर शेंड्यावर बसून पाव्हण्याला सांगत होते, "आता घरातूनबी लागते बरं का!"

आमच्या घरात मात्र शांत होतं. माय दादाचा फोन चार्ज करून फळीवर ठेवायची. स्वतः त्यावरून कुणाला लावायची नाही, कुणाला हात लावू द्यायची नाही.

*

पुढच्या फवारणीला सलीमला चक्कर आली. तोंडाला फेस. मी त्याच्या शेतातूनच फोन लावला.

"पेशंट शुद्धीवर आहे का?"

त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "हाव बाई! मले शिव्या देऊन राह्यला!"

"देऊ द्या, बोलत ठेवा त्याला!"

आयुष्यात एवढ्या शिव्या मी कधी आनंदाने खाल्ल्या नव्हत्या. गाडी धुऱ्यापर्यंत आली. सलीम वाचला!

*

सलीम दवाखान्यातून घरी आला, त्या दुपारी मी आमच्या कपाशीत एकटा होतो. खिशात फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, दादा.

मी ते नाव दोनदा वाचलं. मग उचलला.

"जेवाले येतं का नाही?" माय घरातून बोलत होती. "भाकर थंडी होऊन राह्यली. अन् येता येता त्या सलीमलेबी घेऊन ये."