सेलूत बसून दोनदाती घोड्यांचा अंदाज

किस्से वांग्याच्या झाडासारखे असतात. आज तोडा करावा, तर परवा झाड पुन्हा भरलेलं! आमच्या सेलूच्या बैठकीतले किस्से मी चार वर्षं सांगतोय, संपायचं नाव नाही.

बैठक म्हणजे आम्ही चौघं. बाजाराच्या दिवशी प्रकाशच्या कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, बियाण्यांच्या पोत्यांवर बसतो. प्रकाश दुकानाचा मालक. खुशालराव गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. बबनभाऊ अल्लीपूरचे, वांगी-मेथी पिकवतात. तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. आणि मी नालवाडीचा, शाळेत भूगोल शिकवणारा. वर्ध्याच्या एका लहानशा साप्ताहिकात घोड्यांच्या शर्यतीचा अंदाज लिहितो. पैसे लावायचे नाहीत, हरेल त्याने आलूबोंडे आणायचे, एवढाच बैठकीचा कायदा.

रेसकोर्स मी अजून पाहिलेला नाही. धक्का बसला असेल तर सावरून बसा, पुढे बरेच आहेत!

* * *

पहिल्या वर्षी पुण्याच्या मोठ्या शर्यतीचं कार्ड मोबाइलवर आलं. मी वाचून दाखवलं, "फक्त तीन वर्षांच्या माद्या. सोळाशे मीटर. हिरवळीवर."

खुशालराव ताडकन उठले. "तीन वरसाच्या? म्हणजे दोनदाती! दुधाचे दात पडून राह्यले न जी त्याईचे! अन् तोंडात लोखंड?"

बबनभाऊंना वेगळाच धक्का बसला होता. ते स्क्रीनवरची हिरवळ बघत होते.

"एवढं कवळं गवत! अन् बारा घोड्याईतून एकबी तोंड नाई लावून राह्यली?"

* * *

त्या आठवड्यात माझ्या मजकुराचा मथळा छापून आला, 'दोनदाती घोड्यांची शर्यत'. माझ्या हातून हे कसं लिहिलं गेलं कळलं नाही. माझं सदर बंद होणार, असं मी धरूनच चाललो होतो.

संपादकांचा फोन आला. "गुरुजी, पहिल्यांदा लोकांना तुमचं सदर समजलं!"

तेव्हापासून धीर चेपला. पुण्याहून बातमी यायची की ट्रॅक ना फार ओला, ना फार कोरडा. मी लिहायचो, 'ट्रॅकला वाफसा आहे.' पेरणीच्या भाषेत सांगितलं की सेलू तालुक्यात कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

एका वाचकाने मात्र पत्र पाठवलं, "वाफसा असताना घोडे काय पळवता? पेरून घ्या!"

* * *

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. आठ दिवसांचं दुखणं. तेराव्यानंतर तिघं नालवाडीला घरी आले. खुर्च्यांवर बसले. मी त्या दिवसांत हो-नाहीपलीकडे बोलत नव्हतो.

बऱ्याच वेळाने बबनभाऊंनी मेथीच्या दोन जुड्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "गुरुजी, यंदाची दोनदाती कोन मारन?"

खुशालरावांनी कपाळावर हात मारला. प्रकाश तर उठून दाराशीच गेला. आतून माझ्या मेहुण्या बघायला आल्या.

मी म्हणालो, "चार नंबरची. पण शेवटच्या वळणावर ती बाहेर फेकली जाते."

नंतर मी अर्धा तास बोलत होतो म्हणे!

* * *

आता यंदाचं. कार्ड आलं. नेहमीसारखं मी मोठ्याने वाचायला घेतलं. घोडीचा नंबर, नाव, वर कोण बसणार. सातव्या नंबरला आलो आणि थांबलो.

"थांबले काऊन गुरुजी? वाचा न," बबनभाऊ म्हणाले.

सात नंबरच्या घोडीवर बसणार होती पूनम. बबनभाऊंची मुलगी!

पूनम पुण्याला घोड्यांच्या तबेल्यात कामाला आहे, हे आम्हाला माहीत होतं. "चारा-पाणी पाहते," असं बबनभाऊ सांगत, कारण तिनेही त्यांना तेवढंच सांगितलं होतं. ती तिथे जॉकीचं शिक्षण घेते आहे, हे त्या कार्डावरून कळलं. ओळखीचं एक नाव मोठ्याने वाचायचा मला एवढा धाक वाटावा!

प्रकाशने माझ्या हातातला मोबाइल घेऊन नाव मोठ्याने वाचलं. मग आडनाव वाचलं. मग गाव.

बबनभाऊ म्हणाले, "आठ नंबर वाचा."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाराशी बबनभाऊ. अल्लीपूरहून पहिल्या बसने आले होते. चहा नको म्हणाले. बसलेसुद्धा नाहीत.

"गुरुजी, लिहा का सात नंबरची घोडी खराब हाय."

"भाऊ, बारा जणींत तीच चांगली आहे."

"पूनम तुमचंच वाचते जी. दर हप्त्याले मोबाइलवर मागवते. तुम्ही लिहिलं तं उतरन."

मग त्यांनी धोतराचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेतला. शंकरपटात पडले तेव्हा बैलांखाली चिरडलेला तो पाय. आजवर त्यांनी तो आम्हाला दाखवला नव्हता. ते लंगडतात हे दिसायचं, पण आत काय आहे ते दिसलं नव्हतं.

"मी जमिनीवर पडलो होतो. बैल दोनच होते," ते म्हणाले. "तिच्या मागं अकरा घोड्या राहीन."

माझ्या घरातलं माणूस गेल्यापासून मला कुणाच्या भीतीला नाही म्हणता येत नाही. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'सात नंबरची घोडी मागच्या पायाने मोकळी नाही. बसणाऱ्याने विचार करावा.' चार वर्षांत त्या सदरात मी लिहिलेलं ते पहिलं खोटं.

* * *

अंक मोबाइलवर गेला आणि तासाभरात पूनमचा फोन.

"काका, बाबा येऊन गेले न तुमच्याकडं?"

मी गडबडलो. "कशावरून?"

"मागच्या पायानं मोकळी नाई, हे पटावरचं बोलणं हाय. बाबा बैलाले तसं म्हणतात. तुम्ही नाई म्हणत."

मी विचारलं, "मग उतरणार?"

"मी रोज सकाळी तिच्यावर बसते काका. मागचा पाय मस्त हाय तिचा." मग म्हणाली, "बाबाले सांगजा नको, मले समजलं म्हणून. त्याईले वाटू द्या का मी वाचलंच नाई."

* * *

शर्यतीच्या रविवारी प्रकाशने मोबाइल खताच्या पोत्याला टेकवून ठेवला. खुशालरावांनी अंगारा आणला होता, तो त्यांनी थेट मोबाइललाच लावला! बबनभाऊ आले, पण आमच्याकडे पाठ करून दाराशी उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

स्क्रीनवर सुरुवातीची फाटकं उघडली. बारा जणी सुटल्या. सात नंबर सुरुवातीला मागे, मग मधोमध, मग शेवटच्या वळणावर आतून शिरली. प्रकाश ओरडत होता. खुशालराव माझं मनगट पिळत होते.

अर्ध्या मानेने हरली. दुसरी!

खुशालराव ओरडले, "भाऊ, दुसरी आली! बरोबर हाय पोरगी! घोडीवरच हाय!"

बबनभाऊ रस्त्याकडेच बघत होते. नुसती मान हलवली.

त्यानंतर ते घरी जाईनात आणि काही खाईनात. मध्येच प्रकाशचा मोबाइल मागून घेऊन पोत्यांआड बसून आले. शर्यतीच्या वेळी तिकडे मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळे पूनमचा फोन यायला संध्याकाळचे सात वाजले. ते तिला परत ये म्हणणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. प्रकाशने हळूच स्पीकर लावला.

बबनभाऊंनी कशी आहेस विचारलं नाही, लागलं का विचारलं नाही.

"शेवटच्या झेंड्यापाशी उजवा कासरा ढिला काऊन सोडला? तिथंच तं गेली न शर्यत!"

पलीकडून पूनमचा आवाज आला. "बाबा... तुम्ही पाह्यली?"

"मी काऊन पाहीन? गुरुजीनं सांगतलं."

मी? मी तर आयुष्यात कासऱ्याला सोडा, बैलाच्या शेपटीलासुद्धा हात लावलेला नाही!