मोगरा नको
मोगऱ्याचा वास आला की बेलापूरचं ते सरकारी ऑफिस आठवतं. लग्नाआधी झालेली माझी मुलगी दत्तक दिली, तेव्हा दूध आटावं म्हणून आईने माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली होती. कितीतरी वर्षांनी मी मुलीची चौकशी करायला गेले, तर टेबलापलीकडच्या बाईंच्या केसांत ताजा गजरा. एसीच्या बंद खोलीत तोच वास कोंडलेला. "मुलीने तुम्हाला शोधलं तर बघू. तुम्हाला तो हक्क नाही," त्या म्हणाल्या. "ती बरी आहे ना, एवढं तरी सांगा." "टेन्शन घेऊ नका, चांगल्या घरात असेल," म्हणत त्यांनी गजरा सारखा केला. असेल म्हणे! परवा सुनेने हौसेने माझ्यासाठी गजरा आणला, तो मी बाल्कनीत ठेवायला लावला. तिला वाटतं, मला ॲलर्जी आहे.