मैदानावरची अक्षरं

दाऊद हवालदार गेले, हे मला हातकणंगल्याच्या एका शिपायानं भर बाजारात सांगितलं. सांगताना तो गडी ढसाढसा रडला. खोटं कशाला लिहू… मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्यामागं असं कोण रडणार?

महाराजांच्या राज्यात गावोगाव शाळा निघत होत्या, तशी कोल्हापुरात आमच्या पलटणीतही एक निघाली. शेतीभाती सांभाळून वर्षाला महिनाभर कवायतीला येणाऱ्या राखीव शिपायांना लिहाय-वाचायला शिकवायचं होतं. कवायत दाऊदमियाँकडे, अक्षरं माझ्याकडे. उन्हात पाय आपटून आलेले ते बाप्ये माझ्यासमोर पाटी घेऊन पेंगायचे. एका सकाळी पाहतो तर काय, हवालदारांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं भलामोठा ‘ग’ काढलेला आणि अख्खी तुकडी त्याच्यावरून पावलं टाकत चाललेली. पंधरा दिवसांत गडी आपली नावं लिहू लागले. मी विचारलं, तर हवालदार म्हणाले, “मास्तर, पायानं गिरवलेलं इसरत न्हाय.”

माझा नुसता जळफळाट झाला. ज्याला स्वतःला धड जोडाक्षर येत नव्हतं, त्यानं माझा वर्ग पळवला होता. हवालदारानं शिक्षणात नाक खुपसू नये, असा अर्ज मी सुभेदारांकडे केला आणि मैदानावरची अक्षरं बंद पाडली. दुसऱ्या दिवशी दाऊदमियाँ पाटी घेऊन माझ्याच वर्गात पहिल्या रांगेत येऊन बसले.

“अर्ज कुणी केला ते कळलंय मला,” ते हळूच म्हणाले. “त्ये ऱ्हाऊ द्या. जोडाक्षरं तेवढी शिकवा.”

मी शिकवली. माफी मात्र मागितली नाही… पुढं कित्येक वर्षं ती ओठांवर यायची आणि माघारी जायची.

आता निदान त्यांच्या बायकोकडे तरी मागायचीच, असं ठरवून गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. पलटणीचं सांत्वनाचं पत्र भाभींच्या हातात होतं. म्हटलं, द्या, वाचून दाखवतो.

“वाचलं की मी,” भाभी म्हणाल्या. “सुपात जुंधळं पसरून ह्ये माझ्याकडनं बोटानं गिरवून घेत हुतं रोज. अक्षरं माझी, जोडाक्षरं मास्तरांची, असं म्हनायचं.”

माफी मागायची राहूनच गेली. मेल्यावरही हा माणूस मला मागं टाकून गेला होता. इतकी वर्षं मी गावाला शिकवतो आणि माझी बायको अजून अंगठा उठवते.

घरी आलो. सुपात जोंधळे ओतले, पसरले आणि तिला समोर बसवलं. मी काही बोलायच्या आत तिनं सूप पुढं ओढलं आणि खडे वेचायला लागली.