साफ न केलेली माती

सोमवारी सकाळी मी कोट काढून खुंटीला लावते न लावते तोच हेर ब्रांडल, म्हणजे आमचे ब्रांडलसाहेब, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात ई-मेलचा प्रिंट होता. आमचे बॉस ई-मेल छापून आणतात तेव्हा बातमी वाईट असते, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"फ्राऊ लांजेकर, अंगोलाचे लोक सगळे डिटेक्टर परत पाठवायचं म्हणतायत," ते म्हणाले.

साल २०१४, एप्रिलचे शेवटचे दिवस. जर्मनीत एर्लांगेनजवळच्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर होते. आम्ही जमिनीतले सुरुंग शोधायचे मेटल डिटेक्टर बनवायचो. लढाई संपली की सैनिक घरी जातात, पण पुरलेले सुरुंग तिथेच राहतात आणि पुढे वीस-तीस वर्षं कुणाच्या तरी पायाची वाट बघतात. अंगोलातल्या एका डोंगरउतारावर असंच काम चाललं होतं. पैसा युरोपातून आलेला, यंत्रं आमची, आणि गुडघ्यावर बसून इंच इंच जमीन तपासणारी माणसं तिथलीच. त्या तुकडीची प्रमुख डोमिंगास नावाची बाई होती. मी तिला कधी भेटले नव्हते, पण वर्षभर ई-मेल चालू होत्या.

डिटेक्टर कसा चालतो ते थोडक्यात सांगते. खालच्या तबकडीत तारेची कॉइल असते. ती जमिनीत चुंबकीय ठोका पाठवते आणि लगेच गप्प बसून ऐकते. खाली धातू असला तर उत्तर येतं. अडचण अशी की लाल मातीत लोह असतं, त्यामुळे मातीसुद्धा हळू आवाजात काहीतरी बोलत राहते. म्हणून काम सुरू करण्याआधी यंत्राला तिथली माती ऐकवायची आणि सांगायचं, हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. याला आम्ही 'माती शिकवणं' म्हणायचो.

त्या उतारावर शिकवलेलं यंत्र चार पावलं शहाण्यासारखं वागायचं आणि पाचव्याला बोंब ठोकायचं. आवाज आला की तिथे खणावंच लागतं. पालथं पडून, हातभर जागा, छोट्या खुरप्याने, बाजूने. खाली काहीच नसायचं. दोन हात पुढे गेलं की पुन्हा बोंब. दिवसभर खोटा आवाज ऐकणारा माणूस खऱ्या आवाजालाही मग कंटाळून हात घालतो, आणि त्या कामात कंटाळा परवडत नाही.

आम्ही डोमिंगासला फोन लावला. गावाची जुनी शेतं आणि पाण्याचा झरा, दोन्ही त्या उतारापलीकडे होती, आणि गाव इतकी वर्षं लांबच्या वाटेने पाणी आणत होतं. ऑक्टोबरात पाऊस सुरू होतो. त्याआधी उतार मोकळा झाला तर यंदा पेरणी होणार होती. दोन आठवड्यांत यंत्रं सुधारली नाहीत तर तिची तुकडी दुसऱ्या जिल्ह्यात हलवणार होते, आणि गावाचं वर्ष फुकट जाणार होतं.

ब्रांडलना लगेच उपाय सुचला. "आल्झो, असं करा, सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या खाली घ्या. आवाज थांबेल."

मी काही बोलायच्या आत स्पीकरवरून डोमिंगास बोलली. "थांबेल. पण हेर ब्रांडल, माझी माणसं त्या शांततेवर पाय ठेवतात."

तिथले सुरुंग प्लास्टिकचे होते. धातू असायचा तो बॉलपेनच्या स्प्रिंगएवढा. सेन्सिटिव्हिटी खाली घेतली असती तर खोट्याबरोबर खरा आवाजही गेला असता. ब्रांडलनी मान हलवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

आमच्या लॅबमध्ये त्याच उतारावरची बारा किलो माती होती. आधीच्या वर्षी मागवलेली. तिच्यावर मी आठवडाभर डिटेक्टर फिरवला. यंत्र एकदाही विनाकारण वाजलं नाही. मग साहजिकच कुजबूज सुरू झाली की तिकडची माणसंच यंत्र नीट वापरत नसतील, त्यांना पुन्हा ट्रेनिंग द्या. खरं सांगायचं तर मलाही दोन दिवस तसंच वाटलं. आज त्याची लाज वाटते.

डोमिंगासने एक नकाशा पाठवला होता. जिथे जिथे खोटा आवाज आला तिथे तिने खुंटी ठोकली होती आणि त्या खुंट्या आलेखाच्या कागदावर काढल्या होत्या. मी तो शनिवारी घरी आणला आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला. खुंट्या कुठेही विखुरलेल्या नव्हत्या. त्यांचे घोळके होते, साधारण चौकोनी, एकेका खोलीएवढे. निसर्ग चौकोन काढत नाही, एवढं मला कळत होतं.

रविवारी नेहमीप्रमाणे स्काइपवर अप्पा होते. माझे वडील लांज्याजवळ राहतात, भात लावतात आणि दर रविवारी मला गावचा वृत्तान्त देतात. त्या दिवशी त्यांची तक्रार चालली होती की राब भाजायचा राहिलाय आणि माणूस मिळत नाही. कोकणात भाताचं रोप करायच्या जागेवर कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पाला, शेण पसरून पावसाआधी ती जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. छोटासा तुकडा, साधारण चौकोनी, एकेका खोलीएवढा.

मी हातातला कप खाली ठेवला. माझ्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं की काय झालं. मी तिला हाताने थांबवलं.

"अप्पा, भाजलेली जागा नंतर ओळखू येते?"

"न यायला काय? माती विटेसारखी होते. राख वाहून जाते, पण ती माती कित्येक वर्षं वेगळीच राहते. तुला आत्ता आठवलं होय गं हे?"

आगीने मातीतल्या लोहाचं रूप बदलतं आणि माती कितीतरी जास्त चुंबकीय होते. जुन्या चुली शोधायला पुरातत्त्ववाले हेच वापरतात. हे मी विद्यापीठात शिकले होते आणि राब तर लहानपणी दरवर्षी पाहिला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत झाली.

मग एक प्रश्न उरला. बारा किलो मातीत भाजलेली माती का नव्हती? मी जुन्या ई-मेल उघडल्या. नमुना कसा घ्यावा याची सूचना कंपनीने पाठवली होती आणि ती मीच लिहिली होती. नमुना स्वच्छ असावा. मुळं, कोळसा, राख काढून टाकावी. वरचा थर घेऊ नये. शेती किंवा आग झालेली जागा टाळावी. त्याखाली डोमिंगासचा प्रश्न होता: उतारावर लोक पूर्वी झाडोरा जाळून पेरायचे, त्या जागांचीही माती पाठवू का? आणि त्याखाली माझं उत्तर: धन्यवाद, नको, कृपया फक्त स्वच्छ.

बारा वर्षं जर्मनीत राहून, घरातला कचरा पाच डब्यांत वेगळा करून, मी मातीसुद्धा साफ करून मागवली होती. भात लावणाऱ्याच्या मुलीने.

सोमवारी ब्रांडलना सगळं सांगितलं. पुन्हा नमुना मागवायचा तर परक्या मातीचा परवाना लागतो, आणि आधीची पिशवी त्सोलआम्टमध्ये, म्हणजे कस्टम्समध्ये, महिनाभर पडून होती. म्हणून मी म्हटलं, आपल्याकडच्याच मातीतली थोडी इथे जाळू या. त्यावर ब्रांडलचा चेहरा उतरला. कंपनीच्या आवारात उघडी आग लावायची तर अग्निसुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि तो सुट्टीवर होता.

ते खिडकीतून आवाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ग्रिलला परवानगी आहे. हो, ग्रिल चालतं. त्याचा कागद आहे."

अशा रीतीने ज्या ग्रिलवर दर जुलैत आमचे सॉसेज भाजले जायचे, त्यावर अंगोलाची माती चढली. काम झाल्यावर माती भाजूनच टाकायची असं परवान्यातच लिहिलेलं होतं, त्यामुळे ब्रांडलची तीही काळजी मिटली. मी पातेल्यात वाळकं गवत आणि माती आलटून पालटून रचली. किती वेळ ठेवायचं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. मी अप्पांना फोन केला. ते म्हणाले, वरून माती टाकून दाबायचं, भडकू द्यायचं नाही, धूर संपला की झालं. सगळ्या आवाराला पावसाआधीच्या लांज्यासारखा वास यायला लागला आणि मला फार बरं वाटलं.

माती निवल्यावर ती प्लास्टिकच्या टबात ओतली. शेजारी न भाजलेल्या मातीचा टब. न भाजलेल्या मातीवर यंत्र शिकवलेल्या मुलासारखं गप्प. भाजलेल्या मातीवर आलं आणि जे ओरडलं ते बंदच होईना.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ब्रांडल म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे त्यांची चूक नव्हती."

"नाही. माझी होती."

"सूचनेवर सही माझी आहे," ते म्हणाले आणि ग्रिल पुसायला लागले.

डोमिंगासची मी फोनवर सरळ माफी मागितली. ती हसायला लागली. "मला वाटलं, जर्मनीत मातीसुद्धा धुऊन वापरत असतील."

उपाय अवघड नव्हता. यंत्राला दोन प्रकारची माती लक्षात ठेवायला शिकवायचं, एक साधी आणि एक भाजलेली, आणि बटणाने बदलायचं. नवं सॉफ्टवेअर मी चार दिवसांत लिहिलं. पण भाजलेली माती शिकवायला सुरुंग नसलेली भाजलेली जागा हवी, आणि उतारावर असे तुकडे नेमके कुठे आहेत तेही हवं. इथे माझं काम संपलं आणि तेरेझाबाईंचं सुरू झालं.

तेरेझाबाई त्या गावातल्या म्हाताऱ्या. भुईमुगाच्या स्वतःच्या तुकड्यात त्यांचा उजवा पाय घोट्यापासून गेला होता, आणि आता प्रकल्पातूनच मिळालेल्या कृत्रिम पायावर त्या चालत होत्या. डोमिंगास नकाशा घेऊन त्यांच्या दारात बसली. बाईंनी एकेक चौकोन ओळखला, कुणाचा, काय पेरायचे, सगळं. तुकडी अजून पोचली नव्हती तिथले दोन चौकोनही त्यांनी काढून दिले. आणि गावाच्या बाजूला, जिथे रोज पोरं खेळतात, तिथले जुने भाजलेले तुकडे दाखवले. तिथेच यंत्रं शिकवली गेली. तिथेच चाचणीचा धातूचा तुकडा ठरलेल्या खोलीवर पुरून एकेक यंत्र तपासलं. सगळी पास झाली.

मे अखेरीस डोमिंगासची एका शब्दाची ई-मेल आली: शांत. तिसऱ्या दिवशी दुसरी आली. त्यात दोन शब्द होते: वाजला. खरा.

तो सुरुंग भाजलेल्या चौकोनातच होता. सेन्सिटिव्हिटी खाली घेतली असती तर तो आम्हाला ऐकू आला नसता. ब्रांडलनी ती ई-मेल छापली आणि माझ्या टेबलावर ठेवली. छापलेल्या ई-मेलची चांगली बातमी मी तेवढी एकच पाहिली.

ऑगस्टअखेर उतार मोकळा झाला आणि ऑक्टोबरात गावाने पेरणी केली. पुढच्या वर्षी डोमिंगास आमच्याकडे ट्रेनिंगला आली. मी समजत होते त्यापेक्षा ती बुटकी आणि वयाने मोठी निघाली. मीटिंगमध्ये तिने बॅगेतून आमचीच नमुन्याची पिशवी काढून टेबलावर ठेवली. वर आमचंच लेबल, रीतसर भरलेलं. जागा: तेरेझाबाईंचा तुकडा. खोली: पाच सेंटिमीटर. साफसफाई: केलेली नाही.

आत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. टरफलांच्या रेघांत लाल माती अजून होती. पाच सेंटिमीटर म्हणजे ज्या खोलीवर तो सुरुंग होता तीच. ब्रांडलनी एक शेंग फोडली, दोन्ही दाणे खाल्ले आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

नमुन्याची सूचना मी नंतर बदलली. आता तिच्यात दोनच ओळी आहेत. माती असेल तशी पाठवावी. आणि पाठवणाऱ्याने काही विचारलं, तर उत्तर लिहिण्याआधी त्याला फोन करावा.