हातमागे बाईंचा घरचा विद्यार्थी

हातमागे हे बाईंचं आडनाव नव्हे. पण प्रशिक्षण केंद्रात येणाऱ्या निम्म्या शिक्षकांना ते आडनावच वाटतं, आणि एका शाळेने तर स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्या म्हणून "श्रीमती हातमागे" असं ठळक अक्षरांत छापून टाकलं होतं. बाईंनी कुणाला काही म्हटलं नाही. एक आडनाव माहेरचं, एक सासरचं, हे तिसरं तेवढं आपण स्वतः कमावलेलं, असं त्या म्हणत आणि पत्रिका पर्समध्ये ठेवून देत.

तशा त्या भूगोलाच्या. नद्या, वारे आणि खडकांचे प्रकार शिकवता शिकवता निवृत्त झाल्या असत्या. पण शाळेला कुणीतरी प्रोजेक्टर भेट दिला. मुख्याध्यापकांनी खोकं उघडलं, आत डोकावलं आणि पुन्हा बंद केलं. बाईंनी सोबतची माहितीपुस्तिका वाचली. शाळेत एवढ्या भांडवलावर माणूस तज्ज्ञ होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं विज्ञानाचे मास्तर तोंडावर म्हणाले. त्यांचाच कॅल्क्युलेटर बंद पडला तेव्हा मात्र ते त्याच गाईकडे आले.

पुढे शिक्षकांना असली यंत्रं शिकवण्यासाठी एक केंद्र निघालं आणि बाईंची तिकडे नेमणूक झाली. पहिली काही वर्षं त्यांनी काय गाजवली म्हणता! त्या पुढे उभ्या राहत, बोटं भराभर चालत, भिंतीवर पृथ्वी गरगर फिरे, ज्वालामुखी फुटे, आणि बाकांवरचे शिक्षक टाळ्या वाजवत. अभिप्रायात सगळे एकजात "अतिउत्तम" लिहीत. बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग वरिष्ठांनी त्यांना शाळांच्या पाहणीला पाठवलं. पहिल्या शाळेत प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर भरतकाम केलेल्या कापडाखाली शांत झोपला होता. मुख्याध्यापकांनी कापड हलकेच उचललं आणि म्हणाले, "बघा, एक ओरखडा नाही." दुसऱ्या शाळेत कॉम्प्युटर कपाटात, कपाटाची किल्ली कारकुनाकडे आणि कारकून रजेवर. तिसऱ्या शाळेतल्या गाण्याच्या बाई तर फार प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, "तुम्ही किती सुंदर करता हो! ते बघितलं आणि तेव्हाच कळलं, हे आपलं काम नव्हे."

त्या गाण्याच्या बाईंना वाटलं, आपण कौतुक केलं. आपल्या बाई परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं आपण शिक्षकांना एकच गोष्ट पक्की शिकवली, की तुम्हाला हे जमणार नाही.

पुढच्या तुकडीसमोर त्या उभ्या राहिल्या त्या हात मागे बांधून. नुसते मागे घेऊन भागणार नव्हतं, कारण स्वतःच्या हातांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून ओढणीचं टोक मनगटांभोवती गुंडाळलं. जे काही करायचं ते शिकणाऱ्याने. आपण फक्त तोंड चालवायचं, आणि तेही बेताने. पहिल्याच दिवशी चित्रकलेचे एक मास्तर माउस उजवीकडे सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला पोचले आणि म्हणाले, "बाई, टेबल संपलं." बाईंच्या मागच्या बोटांना मुंग्या आल्या. त्या म्हणाल्या, "मग आता काय करता येईल?" मास्तरांनी डोकं खाजवलं, शेजारच्या टेबलाकडे आशेने पाहिलं, आणि बऱ्याच विचारानंतर माउस उचलून पुन्हा मध्ये ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो बाईंच्या सगळ्या ज्वालामुखींना जमला नव्हता.

तेव्हापासून हीच रीत. यंत्रं बदलत गेली. माउस गेला, बोटाने चालणारे फळे आले, टॅबलेट आले, पण बाईंचे हात काही पुढे आले नाहीत. परीक्षेचा नियमही त्यांनीच घातला: शिकवणाऱ्याने बोट जरी लावलं, तरी शिकणारा शिक्षक नापास. एका बड्या साहेबांच्या मेहुण्यासाठीसुद्धा त्यांनी तो वाकवला नाही. मेहुणे दुसऱ्यांदा बसले आणि पास झाले.

आता दिव्याखाली अंधार असायचाच. बाईंचे यजमान सुतारकामाचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला मवाळ, रंधा मारायला बसले की जेवणाची शुद्ध नसायची. अशा माणसाला फोन शिकवायला कितीसा वेळ लागला असता? पण घरात पाय ठेवला की बाईंचे हात सुटत. मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घ्यावा, एक बोट फोनकडे न्यावं, तोच बाई म्हणत, "अहो, आणा इकडे." आणि काम झालेलं असे. विजेचं बिल, गाडीचं तिकीट, नातवाचा फोटो, टीव्हीचा आवाजसुद्धा. लेक माहेरी आली की हसायची. म्हणायची, "आई, तुझी ओढणी केंद्रातच राहते का गं?" बाई म्हणत, "त्यांच्यासाठी थांबत बसले तर कुकरच्या शिट्ट्या कोण मोजणार?" मास्तरही हसत. "आमच्या घरात तज्ज्ञ आहे, मला कशाला शिकायला हवं?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि सांगून सांगून त्यांना ते खरं वाटू लागलं होतं.

मात्र मास्तरांच्या मनात एक सल होता. वर्ग सुटला होता. समोर उभी राहिलेली, लाकडाच्या भुशाने माखलेली पोरं त्यांना रोज आठवत. घरात आता दुरुस्त करण्यासारखं एकही कपाट उरलं नव्हतं. अशात दुपारच्या एका कौशल्यशाळेने त्यांना सुतारकाम शिकवायला बोलावलं. मास्तर दिवसभर गुणगुणत फिरले. अट फक्त एक होती. तिथे खडू-फळा नव्हता, सगळं बोटाने चालणाऱ्या फळ्यावर. तेव्हा केंद्राचं प्रमाणपत्र आणा आणि वर्ग घ्या. नाही मिळालं तर दुसरा माणूस तयार होता.

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. मास्तरांनी सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बाई काय म्हणाल्या असत्या, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी गुपचूप केंद्रातल्या धाकट्या प्रशिक्षिकेच्या तुकडीत नाव घातलं. ही मुलगी बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. मास्तरांनी तिला गळ घातली, "खाली ऑफिसात कळू देऊ नकोस." वर्ग वरच्या मजल्यावर, बाई खाली, आणि मास्तर मागच्या जिन्याने. घरी सांगितलं होतं की एक मित्र दवाखान्यात आहे, त्याच्यापाशी बसायला जातो. बाईंनी त्या मित्रासाठी दोन दिवस थर्मासमध्ये सूप भरून दिलं. मास्तर ते मधल्या सुट्टीत पीत होते.

परीक्षेच्या दिवशी धाकटीचा घसा बसला. आवाज फुटेना. ती खाली आली, काहीतरी खुणा करू लागली, "नको" अशी मान हलवू लागली; पण बाईंनी तिला गरम पाणी पाजलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस, परीक्षा मी घेते." ओढणी मनगटांना गुंडाळत त्या जिना चढल्या.

शेवटच्या बाकावर दवाखान्यातल्या मित्राचे सोबती बसले होते. बाजूला ओळखीचा थर्मास होता.

बाईंनी एकदा डोळे मिटून उघडले. मास्तर बाकाखाली जायला जागा शोधत होते. पण वर्गासमोर नवरा-बायकोचं भांडण काढायच्या त्या नव्हत्या. "करूया सुरू," त्या म्हणाल्या, आणि एकेक शिक्षक पुढे येऊ लागला. नाव सांगायचं, शाळा सांगायची, आणि फळ्यावर छोटासा धडा घ्यायचा.

मास्तरांची पाळी आली. ते उठून उभे राहिले आणि फळ्याकडे पाहत म्हणाले, "सुतारकाम. दुपारची कौशल्यशाळा. पास झालो तर." शेवटचे तीन शब्द फार हळू होते, पण बाईंना ते स्वच्छ ऐकू आले. सकाळी उगाचच इस्त्री केलेला सदरा, आठवडाभराचं गुणगुणणं, सगळ्याचा अर्थ त्यांना एकदम लागला. या माणसाला वर्ग हवा आहे, आणि हे त्याने जगाला सांगितलं, फक्त आपल्याला नाही.

मास्तरांनी धडा घेतला होता दोन लाकडी फळ्यांच्या काटकोनी जोडाचा. चित्र बरोबर उघडलं. जोडातली फट मोठी करून दाखवायची म्हणून त्यांनी दोन बोटं फळ्यावर ठेवून फाकवली. चित्र मोठं झालं. त्यांना धीर आला, आणखी फाकवली. सुताराची बोटं ती, ताकद कमी कशाला असेल? सगळा फळा एका रंगाचा झाला. जोड नाही, फळी नाही, काही नाही.

मास्तरांनी बोटं काढून घेतली. मग त्यांनी एक गोष्ट केली. ती वर्गातल्या कुणाच्या लक्षातही आली नाही. ते एक पाऊल बाजूला सरकले. फळ्यासमोर एका माणसापुरती जागा करून दिली आणि मान खाली घालून उभे राहिले.

ते सरकणं बाईंच्या ओळखीचं होतं. घरी टीव्हीसमोर, फोनसमोर, विजेच्या बिलासमोर ते असेच सरकत. बाईंना इतकी वर्षं वाटत आलं की हा आळस. इथे, एवढ्या लोकांत त्यांना पहिल्यांदा दिसलं की हा शिकवलेला धडा आहे, आणि तो रोज, न चुकता, आपणच शिकवला आहे. त्यांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून की सवयीने, कोण जाणे, त्या दोन पावलं पुढे गेल्या. मागे ओढणीची गाठ सैल झाली. दोन बोटं आत मिटवायची, की जोड परत आला असता. क्षणाचं काम. मास्तर नापास झाले असते, तेवढंच.

बाई थांबल्या.

"सर," त्या म्हणाल्या. हा शब्द नवऱ्याला उद्देशून त्यांनी जन्मात वापरला नव्हता. "आत्ता काय दिसतंय तुम्हाला?"

"काहीच नाही," मास्तर खालीच बघत म्हणाले.

"आणि मघाशी काय दिसत होतं?"

"जोड."

"मग तो गेला कुठे?"

मास्तरांनी मान वर केली. फळ्यावर एकच एक पिवळसर तपकिरी रंग पसरला होता, त्यात एक बारीक गडद रेघ. लाकडाचा माणूस तो, त्याने ती रेघ ओळखली. "गेला नाही कुठेच," ते सावकाश म्हणाले. "हे लाकूडच आहे. ही त्याची शीर. मीच फार जवळ गेलोय." त्यांनी फळ्यासमोरची जागा पुन्हा घेतली. एक बोट टेकवलं, काही झालं नाही. दोन टेकवली, फाकवली, रंग आणखी गडद झाला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. बाईंनी मागे स्वतःचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. मास्तरांनी बोटं उचलली, त्यांच्याकडे निरखून पाहिलं, आणि या वेळी हळूच आत मिटली.

जोड परत आला.

त्यानंतर मास्तर जे सुटले ते सुटलेच. फट का राहते, घाई केली की लाकूड कसं फाटतं, खिळ्याला जोडाची जबाबदारी देऊ नये, हे सगळं त्यांनी अशा रंगात सांगितलं की गणिताच्या एका बाईंनी हात वर करून शंका विचारली. वेळ संपल्याचं बाईंनीच सांगितलं नाही. हा माणूस वर्गात असा दिसतो, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

मास्तर पास झाले. बाकीचे शिक्षक पिशव्या आवरून जिना उतरले. मास्तर थर्मास काखेत घेऊन टेबलापाशी आले आणि सगळ्यांसारखेच अदबीने उभे राहिले.

"बाई, एक शंका होती."

"विचारा सर."

"घरी असंच शिकवाल का?"

बाईंनी ओढणी सोडली, डोळे पुसले, पुन्हा नीट घडी घातली. शेवटी म्हणाल्या, "अहो, मला नाही जमायचं एकदम. वेळ लागेल."

"लागू दे," मास्तर म्हणाले. "मी कुठे हात लावतोय?"